पतसंस्थेच्या डेटाबेसचे स्थलांतर : प्रकल्प नोंदी, सप्टेंबर–ऑक्टोबर २०२४

९ सप्टेंबर २०२४, सोमवार

पुण्यातील एका सहकारी पतसंस्थेचा हिशेबाचा डेटाबेस पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीच्या १२व्या आवृत्तीवरून १६व्या आवृत्तीवर नेण्याचे काम आजपासून हाती घेतले. १२वी आवृत्ती ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात, त्यामुळे येत्या नोव्हेंबरनंतर तिच्यातील सुरक्षेच्या त्रुटी कोणी बुजवणार नाही. सर्व्हरवरील सेंटओएस ७ या कार्यप्रणालीची मुदत तर ३० जून २०२४ रोजीच संपली आहे. डेटाबेसची आवृत्ती आणि खालची कार्यप्रणाली असे दोन्ही बदल एकाच फेरीत करावे लागणार आहेत आणि या कामातली खरी जोखीम तीच आहे.

संस्थेच्या अकरा शाखा आहेत, डेटाबेसचा आकार ८६ जीबी आहे आणि व्यवहारांच्या सर्वांत मोठ्या टेबलमध्ये सुमारे १ कोटी ८० लाख ओळी आहेत. मुख्य कार्यालय सदाशिव पेठेत असल्याने आणि गणेशोत्सवात मध्य पुण्यातील रस्ते सायंकाळी बंद होत असल्याने १७ तारखेच्या विसर्जनापर्यंत सकाळी आठ ते दुपारी चार अशी कामाची वेळ ठरवली.

मुख्य लेखापाल मॅडमनी त्यांच्या वहीतून तीन तक्रारी वाचून दाखवल्या. दिवसअखेरच्या अहवालाला पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो, मधूनच सगळ्या काउंटरचे पडदे एकदम अडकतात, आणि काही सभासदांची पासबुकातली शिल्लक खतावणीशी जुळत नाही. या तिन्हींची कारणे आधी शोधावीत आणि मगच स्थलांतराला हात घालावा, असा आग्रह मी धरला. जुन्या सर्व्हरवरचा न समजलेला दोष नव्या सर्व्हरवर गेला, की तो आधीपासून होता की स्थलांतरामुळे उद्भवला हे नंतर कोणालाही सांगता येत नाही. व्यवस्थापकांनी त्यासाठी दोन आठवडे दिले.

११ सप्टेंबर, बुधवार

दिवसअखेरच्या अहवालाची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ (उत्तर कसे आणि किती वेळात शोधले हे दाखवणारी आज्ञा) लावून, बफरच्या म्हणजे वाचलेल्या पानांच्या आकड्यांसह चालवली. नोंदीच्या वेळेच्या कॉलमवर इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) आहे, पण क्वेरीत त्या कॉलमला तारीख काढणाऱ्या फंक्शनमध्ये गुंडाळलेले आहे. इंडेक्स कॉलमवर आहे, फंक्शनच्या उत्तरावर नाही, त्यामुळे तो वापरला जात नाही आणि दर वेळी संपूर्ण टेबल वाचले जाते. एका वाचनाला सुमारे पंधरा सेकंद लागतात. अहवालाचा प्रोग्राम हीच क्वेरी प्रत्येक शाखेच्या प्रत्येक योजनेसाठी वेगळी चालवतो. अकरा शाखा आणि चौदा योजना म्हणजे १५४ वेळा, म्हणजे अडतीस मिनिटे.

अट बदलून ‘त्या दिवसाच्या मध्यरात्रीपासून दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीच्या आधीपर्यंत’ अशी केली आणि १५४ क्वेऱ्यांऐवजी शाखा व योजनेनुसार गट पाडणारी एकच क्वेरी लिहिली. तिला चार सेकंद लागले.

काम इथे संपले असते, पण पडताळणीसाठी घेतलेल्या १ ऑगस्टच्या अहवालात नवी क्वेरी जुनीपेक्षा २१२ ओळी जास्त दाखवू लागली. वेगवान क्वेरीचे उत्तर वेगळे येत असेल, तर दोन्हींपैकी एक उत्तर चुकीचे आहे आणि ते कोणते हे ठरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या २१२ ओळी एकूण एक व्याजजमेच्या निघाल्या आणि सगळ्यांची वेळ रात्री सव्वाबाराची होती. वेळेचा कॉलम टाइमझोनसह साठवणारा आहे आणि त्यातून तारीख कोणती निघेल हे त्या सेशनच्या (प्रोग्रामच्या डेटाबेसशी झालेल्या जोडणीच्या) टाइमझोनवर ठरते. अहवालाचा प्रोग्राम यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लावून जोडला जातो. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची प्रत्येक नोंद आदल्या दिवसाच्या खात्यात जात होती. म्हणजे ऑगस्टचे व्याज ३१ जुलैच्या अहवालात पडले होते.

मॅडमना हे सांगितले तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “सर, गेली दोन वर्षे तेरीज (सर्व खात्यांच्या जमा-नावेची यादी) जुळवताना दर महिन्याला हा व्याजाचा फरक मी हाताने वळता करते आहे. संगणकाची पद्धतच तशी असेल, असं समजत होते.” डेटाबेसने या दोन वर्षांत एकदाही त्रुटीचा संदेश दिला नव्हता आणि त्याच्या बाजूने देण्याचे कारणही नव्हते, कारण त्याला जे विचारले गेले त्याचे उत्तर तो अचूकच देत होता. अहवालाच्या रोलला (डेटाबेसमधील वापरकर्ता-नावाला) आता ‘एशिया/कोलकाता’ हा टाइमझोन कायमचा लावून दिला आहे.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आज सकाळी ११ वाजून ५ मिनिटांनी सगळ्या शाखांचे पडदे चार मिनिटे अडकले आणि त्याला मी केलेली कृती कारणीभूत ठरली. सभासदांच्या टेबलला एक रिकामा कॉलम जोडायचा होता. असा कॉलम जोडायला डेटाबेसला क्षणाचाही वेळ लागत नाही, हे खरे आहे. परंतु त्यासाठी टेबलवर सर्वांत कडक लॉक (इतरांना थांबवणारे कुलूप) लागतो आणि तो साध्या वाचनाच्या लॉकशीही एकत्र नांदू शकत नाही. कोणीतरी त्या टेबलवर वाचनाचा लॉक धरून बसले होते, त्यामुळे माझी आज्ञा थांबली, आणि लॉकची रांग क्रमाने पुढे सरकत असल्याने माझ्या मागून आलेले प्रत्येक साधे ‘सिलेक्ट’, म्हणजे केवळ वाचनसुद्धा, माझ्या मागे उभे राहिले. माझी आज्ञा रद्द करताच सगळे सुरळीत झाले. ‘लॉक टाइमआउट’ (लॉकची वाट पाहण्याची मर्यादा) दोन सेकंदांवर न लावता चालू वेळेत अशी आज्ञा द्यायला नको होती. यापुढे तशी दिली जाणार नाही.

अडवणाऱ्या सेशनचा क्रमांक डेटाबेसच्या ‘पीजी ब्लॉकिंग पिड्स’ या फंक्शनने लगेच दिला. एका शाखेतील संगणकावरचे अहवाल पाहण्याचे साधन ६ सप्टेंबरच्या सायंकाळी ५ वाजून २० मिनिटांनी ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारा कामांचा संच) उघडून तसेच थांबलेले होते. तेथील कर्मचारी गणपतीसाठी कोकणात गावी गेले आहेत आणि संगणक चालूच राहिला होता. सात दिवसांचे उघडे ट्रान्झॅक्शन.

यामुळे दुसरेही नुकसान होत होते आणि ते अधिक खोलवरचे होते. पोस्टग्रेस ओळ बदलताना जुनी ओळ पुसत नाही, नवी प्रत लिहितो. जुन्या प्रती कोणालाच दिसण्याची शक्यता उरली नाही की व्हॅक्यूम (साफसफाईची प्रक्रिया) त्या काढून टाकतो. एखादे ट्रान्झॅक्शन सात दिवसांपूर्वीचे चित्र धरून बसले, तर त्यानंतरची एकही मृत प्रत काढता येत नाही. खातेशिल्लकीच्या टेबलमध्ये १ लाख ४० हजार खाती आहेत आणि त्यामागे साठ लाखांहून अधिक मृत ओळी साचल्या होत्या. ऑटोव्हॅक्यूम पुन्हा पुन्हा येऊन, ‘अजून काढता येत नाहीत’ असे लॉगमध्ये लिहून परत जात होता.

इथे एक बारकावा नोंदवून ठेवणे आवश्यक वाटते, कारण पुष्कळदा तो चुकीचा सांगितला जातो. ट्रान्झॅक्शनांना एकमेकांचे बदल कितपत दिसावेत याच्या पातळ्या असतात; ‘रीड कमिटेड’ या नेहमीच्या पातळीवर, काहीही न लिहिता, केवळ वाचून थांबलेले ट्रान्झॅक्शन व्हॅक्यूमला अडवत नाही, कारण प्रत्येक क्वेरी संपताच त्याचे चित्र सुटते. ते फक्त लॉक धरून राहते. हे साधन मात्र ‘रिपीटेबल रीड’ वापरते, जेणेकरून एका अहवालातील सर्व पानांवरचे आकडे एकाच क्षणाचे असावेत. हेतू योग्य आहे, फक्त अहवाल संपल्यावर ट्रान्झॅक्शन बंद व्हायला हवे. ते सेशन संपवले आणि अहवालाच्या रोलला थांबलेल्या ट्रान्झॅक्शनसाठी दहा मिनिटांची मर्यादा घातली. व्हॅक्यूमनंतर मृत ओळी गेल्या, तरी फाइलचा आकार फारसा घटला नाही. साधा व्हॅक्यूम मोकळी जागा पुढच्या वापरासाठी राखतो, कार्यप्रणालीला क्वचितच परत करतो.

२० सप्टेंबर, शुक्रवार

विसर्जनाची मिरवणूक आटोपली, रस्ते खुले झाले. तिसऱ्या तक्रारीवर तीन दिवस घालवले.

मंडईतील एका फूलविक्रेत्या बाईंच्या खात्याचे उदाहरण घेतले. १४ ऑगस्टला सायंकाळी पिग्मी एजंटच्या यंत्रातून त्यांचे २०० रुपये चढले आणि त्याच सेकंदाच्या आसपास त्यांच्या मुलाने काउंटरवर ५०० रुपये भरले. रोजकीर्दीत दोन्ही नोंदी आहेत. शिल्लक मात्र ५०० रुपयांनीच वाढली आहे.

प्रोग्राम असा लिहिला आहे : शिल्लक वाचायची, प्रोग्राममध्ये रक्कम मिळवायची आणि आलेली बेरीज परत लिहायची. दोन ट्रान्झॅक्शनांनी एकाच वेळी ४,३०० वाचले, एकाने ४,५०० लिहिले, दुसऱ्याने ४,८०० लिहिले, आणि ‘रीड कमिटेड’ पातळीवर दुसरे लिखाण पहिल्याची वाट पाहून नंतर निमूटपणे त्यावर चढले. ‘रिपीटेबल रीड’ असते, तर दुसऱ्याला ४०००१ ही त्रुटी मिळाली असती आणि प्रोग्रामला पुन्हा प्रयत्न करता आला असता. नेहमीच्या पातळीवर मात्र दोघांनाही ‘काम झाले’ असेच उत्तर गेले.

प्रत्येक खात्याच्या सर्व नोंदींची बेरीज त्या खात्याच्या शिल्लकीशी ताडून पाहिली तेव्हा सतरा खात्यांत फरक आढळला. रकमा लहान आहेत, पण पिग्मी भरणाऱ्या माणसाचे दोनशे रुपये म्हणजे त्याची दिवसाची बचत असते आणि ती आपल्याकडे विश्वासाने ठेवलेली आहे. म्हणून एकही शिल्लक थेट अपडेट करून दुरुस्त करायची नाही, प्रत्येक दुरुस्तीचे व्हाउचर काढायचे, त्यावर कारण लिहायचे आणि व्यवस्थापकांची सही घ्यायची, असे ठरले. मॅडमचाही तोच आग्रह होता.

प्रोग्राममध्ये बेरीज आता डेटाबेसलाच करायला सांगितली आहे, म्हणजे ‘शिल्लक बरोबर शिल्लक अधिक रक्कम’. जिथे आधी किमान शिल्लक तपासावी लागते तिथे ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने ओळ धरूनच पुढचे पाऊल टाकले जाते. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग करताना दोन ओळी धराव्या लागतात. तिथे नेहमी लहान क्रमांकाचे खाते आधी धरायचे, अन्यथा दोघे एकमेकांची वाट पाहत डेडलॉकमध्ये अडकतात आणि एका सेकंदाच्या प्रतीक्षेनंतर डेटाबेसला त्यातील एकाचा बळी द्यावा लागतो. तशी ४०पी०१ ही त्रुटी आली, तर ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून पुन्हा चालवायचे. अर्धवट राहिलेल्या ठिकाणापासून चालवायचे नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

तीन तक्रारींची कारणे हाती आल्यावर स्थलांतराची तयारी सुरू करायची होती, तेवढ्यात चौथी तक्रार आली आणि आजवरच्या सगळ्यांपेक्षा ती गंभीर आहे.

जुलै महिन्यात, सेंटओएस ७ ची मुदत संपल्यावर, अहवालांसाठी एक दुय्यम सर्व्हर नव्या रॉकी लिनक्स ९ वर उभा केला होता. मूळ सर्व्हरवरील बदल त्याच्याकडे स्ट्रीमिंग रेप्लिकेशनने, म्हणजे फाइलींच्या पातळीवर, जसेच्या तसे पोहोचतात. आज मुख्य शाखेतून निरोप आला की १-१०४७ हे खाते अहवालात ‘सापडत नाही’. मूळ सर्व्हरवर ते सापडते. दुय्यम सर्व्हरवर खातेक्रमांकाने शोधले तर शून्य ओळी येतात, पण इंडेक्सचा वापर बंद करून संपूर्ण टेबल वाचायला लावले, की तीच ओळ समोर येते. ओळ आहे, इंडेक्समध्ये तिची नोंदही आहे, आणि तरी शोध तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

चाचणीसाठी सर्व खात्यांचे क्रमांक एकेक करून दोन्ही पद्धतींनी शोधले. न सापडणारी सर्व खाती १, १० आणि ११ या शाखांचीच निघाली. २ ते ९ या शाखांचे एकही खाते हरवलेले नव्हते. कारण त्यातच दडलेले आहे, असे वाटल्याने जेवणाची सुट्टी न घेता त्याच्याच मागे लागलो.

खातेक्रमांक मजकूर म्हणून साठवला आहे : शाखा, मध्ये आडवी रेघ, आणि मग अनुक्रम. दोन्ही सर्व्हरवर कार्यप्रणालीच्या सॉर्ट आज्ञेला दोनच ओळी दिल्या, एक ‘१-१’ आणि दुसरी ‘११’, अर्थात डेटाबेसमध्ये असतात तशा इंग्रजी अंकांत. जुन्या सर्व्हरने ११ आधी आणि १-१ नंतर लावले. नव्याने १-१ आधी आणि ११ नंतर लावले. तोच डेटा, लोकेलचे (भाषा व प्रदेशाच्या नियमसंचाचे) तेच नाव, आणि क्रम उलटा.

पोस्टग्रेस मजकुराचा क्रम स्वतः ठरवत नाही, तो कार्यप्रणालीच्या जीलिबसी या लायब्ररीला विचारतो. जीलिबसीच्या २.२८ या आवृत्तीत क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. सेंटओएस ७ वर २.१७ आहे आणि रॉकी ९ वर २.३४, म्हणजे आपले दोन सर्व्हर त्या बदलाच्या दोन बाजूंना उभे आहेत. जुन्या नियमात पहिल्या फेरीत आडवी रेघ मोजलीच जात नाही, म्हणून १-१०४७ आणि ११-०४७ हे त्याला प्रथमदर्शनी सारखेच वाटतात आणि १, १० व ११ या शाखांची खाती एकमेकांत मिसळून लागतात. नव्या नियमात रेघ मोजली जाते आणि ती अंकांच्या आधी येते, त्यामुळे १ क्रमांकाच्या शाखेची सगळी खाती आधी आणि १० व ११ ची नंतर. ३ किंवा ७ ने सुरू होणारी दुसरी शाखाच नसल्याने तिथे दोन्ही नियम एकच उत्तर देतात.

आपल्याकडे वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी म्हटले जातात, तर अनेक कोशांत ‘क्षमा’ हा शब्द क च्या जोडाक्षरांत मिळतो. कोश एका रीतीने लावलेला असेल आणि शोधणारा दुसऱ्या रीतीने पाने उलटत असेल, तर शब्द छापलेला असूनही त्याला तो मिळणार नाही आणि ‘हा शब्द कोशात नाही’ असे तो प्रामाणिकपणे सांगेल. बी-ट्री इंडेक्समध्ये नेमके हेच घडते. इंडेक्सची पाने मूळ सर्व्हरने जुन्या क्रमाने लावलेली आहेत, दुय्यम सर्व्हर प्रत्येक फाट्यावर नव्या नियमाने तुलना करतो, एका ठिकाणी चुकीच्या फांदीवर वळतो आणि तळाशी जाऊन रिकाम्या हाताने परत येतो.

यात मला सर्वांत चिंतेची वाटली ती पुढची गोष्ट. मूळ सर्व्हर बंद पडला तर याच दुय्यम सर्व्हरला पुढे करायचे, अशी योजना कागदावर होती. तसे झाले असते तर युनिक इंडेक्सनेही (एक क्रमांक दोनदा येऊ न देणाऱ्या) १-१०४७ ‘नाही’ असेच म्हटले असते आणि त्याच क्रमांकाचे दुसरे खाते उघडू दिले असते. पीजी-अपग्रेडने रॉकी ९ वर आवृत्ती बदलली असती तरी हेच झाले असते, कारण ते साधन इंडेक्सच्या फाइली आहेत तशाच उचलते. १२व्या आवृत्तीत यासंबंधी कोणतीही सूचना मिळत नाही. डेटाबेसच्या मूळ क्रमनियमाची आवृत्ती नोंदवून ती बदलल्यास इशारा देण्याची सोय १५व्या आवृत्तीपासून आली.

दुपारी चार वाजता दुय्यम सर्व्हरचा वापर थांबवला. दुय्यम सर्व्हरवर रीइंडेक्स करता (इंडेक्स नव्याने बांधता) येत नाही, तो केवळ वाचनासाठी असतो. अहवाल तूर्त मूळ सर्व्हरवरून रात्री काढले जातील. जुलैपासून त्यावरून निघालेल्या सर्व अहवालांची यादी मॅडमकडे दिली असून ते पुन्हा काढून ताडले जातील.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

काल पोस्टग्रेसची १७वी आवृत्ती प्रसिद्ध झाली. थेट तिच्यावरच जावे का, असा प्रश्न व्यवस्थापकांनी विचारला. १६वी आवृत्ती सप्टेंबर २०२३ मध्ये आली, वर्षभरात तिच्यात चार दुरुस्ती-आवृत्त्या निघाल्या आहेत आणि तिला २०२८ पर्यंत आधार आहे. पैशांच्या हिशेबाला पहिल्याच महिन्यातली आवृत्ती लावण्याची गरज नाही. १६ कायम.

मूळ सर्व्हरवरील सर्व बी-ट्री इंडेक्स ॲमचेक या विस्ताराने तपासले. एकही दोष नाही, म्हणजे मूळ डेटा शाबूत आहे.

५ ऑक्टोबर, शनिवार

पहिली रंगीत तालीम. पीजी-अपग्रेड मिनिटांत आटोपते, पण आपल्याला शनिवारची पूर्ण रात्र उपलब्ध आहे, त्यामुळे पीजी-डंपने सगळा डेटा बाहेर काढून नव्याने भरण्याची संथ पद्धत निवडली. त्यात प्रत्येक इंडेक्स नव्या सर्व्हरवर, नव्या नियमानेच बांधला जातो आणि टेबलमधली साचलेली मोकळी जागाही जाते. डंप नव्या आवृत्तीच्या साधनाने काढला. आठ समांतर प्रक्रियांनी डंप व भरणा मिळून २ तास ४० मिनिटे लागली. डेटाबेस ८६ वरून ६१ जीबीवर आला.

नव्या डेटाबेसचा मूळ क्रमनियम ‘सी’ ठेवला आहे. तो केवळ कोडबिंदूंच्या (अक्षरांना दिलेल्या युनिकोड क्रमांकांच्या) क्रमाने चालतो, कोणत्याही लायब्ररीवर अवलंबून नाही आणि खातेक्रमांक, पावतीक्रमांक यांना भाषेच्या क्रमाशी कर्तव्यही नाही. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल असा भेद नसल्याने त्या बाजूनेही अडचण येत नाही. सभासदांच्या छापील यादीला मात्र हा क्रम चालणार नाही, कारण युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल च्या लगेच पुढे आहे. तिथे क्वेरीतच आयसीयू या लायब्ररीचा मराठी क्रमनियम लावला असून यादी मॅडमनी पाहून मान्य केली.

नावांच्या शोधात आणखी एक गोष्ट सापडली. ‘ॲ’ हे अक्षर काही शाखांत एकाच कोडबिंदूने, तर काहींत ‘अ’ला वेगळी अर्धचंद्राची खूण जोडून टंकलेले आहे. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, डेटाबेससाठी ती वेगळी आहेत आणि युनिकोडच्या सामान्यीकरणानेही एक होत नाहीत. त्यासाठी नोंद करतानाच एक रूप करणारे छोटे फंक्शन लिहिले.

१० ऑक्टोबर, गुरुवार

दुसरी तालीम. या वेळी सर्व प्रोग्राम नव्या सर्व्हरला जोडून पाहिले आणि पासबुक छापण्याचा प्रोग्राम जोडलाच गेला नाही. १४व्या आवृत्तीपासून पासवर्ड साठवण्याची मूळ पद्धत एमडी५ ऐवजी स्क्रॅम आहे आणि आपण नव्या सर्व्हरवर सर्वांचे पासवर्ड त्या पद्धतीने नव्याने बसवले आहेत. तो प्रोग्राम सेंटओएस ७ सोबत येणारी पोस्टग्रेस ९.२ ची जुनी लायब्ररी वापरतो, स्क्रॅमसाठी मात्र किमान १० लागते. एमडी५ चालू ठेवण्याचा पर्याय होता, पण तो घेतला नाही. प्रोग्राम पायथॉनमधील सायकोपीजी या पोस्टग्रेसशी जोडणाऱ्या लायब्ररीच्या २ वरून ३ वर नेला. दसऱ्याच्या आधी हे झाले याचे समाधान आहे.

१९–२० ऑक्टोबर, शनिवार रात्र ते रविवार

रात्री ८.०० : शेवटच्या पिग्मी एजंटचे यंत्र रिकामे झाल्याची खात्री शाखांकडून दूरध्वनीवर घेतली. ८.३० : सर्व प्रोग्राम बंद, मूळ डेटाबेस फक्त वाचनासाठी. ८.४० : पूर्ण बॅकअप, आणि तो तिसऱ्या यंत्रावर उघडून पाहिला. ९.५० : डंप सुरू. १२.३५ : भरणा पूर्ण, एकही त्रुटी नाही.

भरण्यानंतर टेबलांची सांख्यिकी रिकामी असते आणि ॲनालाइझ (सांख्यिकी गोळा करणारी आज्ञा) होईपर्यंत प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची हे ठरवणाऱ्या भागाला) कोणत्या टेबलमध्ये काय आहे याचा अंदाज नसतो. हे ठाऊक असूनही पडताळणीचा अहवाल ॲनालाइझ संपण्याआधीच सुरू केला गेला. वीस मिनिटे झाली तरी तो हलेना, तेव्हा थांबवला. ॲनालाइझ संपल्यावर तोच अहवाल पाच सेकंदांत आला. कार्यसूचीत या दोन पायऱ्यांमध्ये आता स्पष्ट थांबा लिहिला आहे.

पहाटे २.०० : दोन्ही सर्व्हरवरून अकरा शाखांच्या तेरजा छापल्या. मॅडम स्वतः आल्या होत्या. एकेका शाखेचा कागद शेजारी ठेवून, बोट फिरवत, त्यांनी प्रत्येक योजनेची जमा, नावे आणि शिल्लक मोठ्याने वाचली आणि मी दुसऱ्या कागदावरून उत्तर देत गेलो. यंत्राने हीच तुलना आधी केली होती आणि फरक शून्य होता, तरी हे वाचन करायचेच असे दोघांनी ठरवले होते. ३.४० ला अकरावी शाखा संपली. सर्व जुळले. १-१०४७ सापडले.

२१ ऑक्टोबर, सोमवार

शाखा वेळेवर उघडल्या. अकरा वाजेपर्यंत एकच तक्रार आली : पासबुक छपाई सकाळी झटपट होत होती आणि नंतर प्रत्येक पासबुकाला आठ-दहा सेकंद लागू लागले.

दोष पोस्टग्रेसच्या आवृत्तीचा नसून १० तारखेला बदललेल्या सायकोपीजीचा परिणाम आहे. तिसरी आवृत्ती एकच क्वेरी पाचांहून अधिक वेळा आली की ती सर्व्हरवर प्रिपेअर (पुन्हा वापरासाठी तयार) करून ठेवते. सर्व्हर अशा क्वेरीसाठी पहिल्या पाच वेळा दिलेल्या मूल्यांचा विचार करून प्लॅन आखतो, आणि त्यानंतर कोणत्याही मूल्याला लागू पडेल असा सर्वसाधारण प्लॅन स्वस्त वाटला तर तोच धरून ठेवतो. आपल्या मुख्य शाखेत एकूण व्यवहारांपैकी निम्मे व्यवहार आहेत आणि सर्वांत लहान शाखेत नगण्य, त्यामुळे सरासरीवर बेतलेला प्लॅन दोघींनाही बसत नाही. सकाळची पहिली काही पासबुके झटपट निघाली ती याच कारणाने. त्या रोलसाठी प्लॅन दर वेळी नव्याने आखण्याची सक्ती केली. छपाई पूर्ववत झाली.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

दुय्यम सर्व्हर रॉकी ९ वर, मूळ सर्व्हरइतक्याच जीलिबसी आवृत्तीसह नव्याने उभारला. दोन्हींवर ‘१-१’ आणि ‘११’ ही चाचणी रोज पहाटे चालते, आणि दोन्हींच्या इंडेक्सवर ॲमचेक दर रविवारी. दोन्ही सर्व्हरची कार्यप्रणाली एकाच रात्री अद्ययावत करायची, वेगवेगळ्या आठवड्यांत नाही, हे देखभालीच्या कागदावर पहिल्या ओळीत लिहिले आहे.

जुलैपासूनचे अहवाल पुन्हा काढून झाले. मुख्य शाखेच्या दोन अहवालांत मिळून नऊ खाती वगळली गेली होती, सुधारित प्रती फाइलला लावल्या.

सतरापैकी पंधरा खात्यांची दुरुस्ती व्हाउचरवर झाली आहे. उरलेल्या दोन सभासदांना पत्र गेले आहे. मंडईतल्या बाई आज स्वतः पासबुक घेऊन आल्या होत्या. मॅडमनी त्यांना १४ ऑगस्टच्या दोन्ही नोंदी आणि आजच्या तारखेची २०० रुपयांची दुरुस्ती दाखवली, आणि पासबुक यंत्रात घालून ती ओळ त्यांच्यासमोर छापून दिली.